जुगाराला परवाना हवाच कशाला?

जुगाराचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, बंद करून टाका, घरंच्या घरं बुडतात. दुसरी म्हणते, लोक खेळणारच आहेत, मग कायदेशीर करा, सरकारला चार पैसे तरी मिळतील. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हापासून आमच्या कँटीनमध्येही हे दोन तट आहेत. गंमत म्हणजे भांडताना दोघांनाही एक गोष्ट मान्य असते. परवाना म्हणजे परवानगी. सरकारने शिक्का मारला, आता बिनधास्त खेळा.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा रविवार वाया जायला नको. :) परवाना ही परवानगी नसते, ती अटींची यादी असते. आणि त्या यादीतल्या मोजक्याच अटी खेळणाऱ्याला खरोखर वाचवतात. बाकीच्या अटी फक्त एवढीच हमी देतात की त्याचा खिसा प्रामाणिकपणे रिकामा केला जाईल.

(आधीच सांगतो, मी स्वतः मेंढीकोटाच्या पुढे गेलेलो नाही. दिवाळीत तीन पत्ती होते, तीही शेंगदाण्यांवर. त्यामुळे माझं ज्ञान खेळाडूचं नाही, सॉफ्टवेअरवाल्याचं आहे.)

तर प्रामाणिकपणे खिसा रिकामा करणं म्हणजे काय? रुलेटचं चाक घ्या. युरोपात त्यावर ३७ घरं असतात, १ ते ३६ आणि एक शून्य. एका आकड्यावर एक पौंड लावला आणि तो आला तर ३५ पौंड आणि तुमचा स्वतःचा एक, असे ३६ परत मिळतात. ३७ घरांच्या खेळात पैसे ३६ घरांचे. ते एक घर मालकाचं. म्हणजे लावलेल्या प्रत्येक १०० पौंडांमागे सरासरी २ पौंड ७० पेन्स त्याच्या गल्ल्यात. यात कुठेही लबाडी नाही. गणित भिंतीवर लिहून ठेवलं तरी चालेल.

स्क्रीनवरच्या खेळात चाकाच्या जागी रँडम नंबर जनरेटर असतो. तो खरोखर रँडम आहे की नाही हे खेळणाऱ्याला कधीच कळू शकत नाही. सोर्स कोड त्याच्याकडे नाही, सर्व्हर कुठल्या देशात आहे हेही माहीत नाही. इथे परवान्याचं पहिलं काम येतं. ब्रिटनमध्ये गॅम्बलिंग कमिशनचा परवाना हवा असेल तर खेळ बाहेरच्या प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि किती टक्के परत मिळतात हे खेळणाऱ्याला बघता येईल असं ठेवावं लागतं. हे काम चांगलं आहे, आवश्यक आहे, आणि खरं सांगायचं तर सोपं आहे. टेस्टिंग करणं आम्हा लोकांना जमतं.

आपल्या मटक्याशी तुलना करून बघा. एकेरी आकडा दहापैकी एक, आणि लागला तर रुपयाला नऊ रुपये. म्हणजे मालकाचे सरळ दहा टक्के, रुलेटच्या जवळजवळ चौपट. परवाना नाही, लॅब नाही. विश्वास होता तो नावावर. रतन खत्री पत्ते चारचौघांत काढायचा म्हणून लोक त्याच्याकडे लावायचे, असं जुने लोक सांगतात. पण समजा कुणी फसवलंच, तर दाद कुठे मागायची? १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली अड्ड्यावर सापडलेला खेळणारासुद्धा गुन्हेगार. आरोपी तक्रार कशी करणार?

हे जुनं झालं असं वाटत असेल तर आमच्या टीममधल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. नाव नको. हुशार पोरगा, तेविसाव्या वर्षी नोकरीला लागलेला. टेलिग्रामवर कुणीतरी लिंक दिली, साईट परदेशातली, खाली पानाच्या तळाशी कुठल्यातरी बेटाच्या परवान्याचा शिक्का. पैसे भरायला यूपीआय, दोन सेकंदांत जमा. ओळखपत्र कुणी मागितलं नाही. काही आठवड्यांत एका रात्री त्याच्या खात्यात बासष्ट हजार दिसायला लागले. शहाण्या माणसासारखं त्याने पैसे काढायचं बटण दाबलं. उत्तर आलं, तुमची विनंती बहात्तर तासांत पूर्ण होईल, आधी पॅन आणि आधारचे फोटो पाठवा. आणि त्याच स्क्रीनवर, मोठ्या हिरव्या अक्षरांत, दुसरं बटण: विनंती रद्द करा आणि खेळत राहा.

मी पेमेंटच्या प्रोजेक्टवर तीन वर्षं काम केलंय. आत येताना दोन सेकंद आणि बाहेर जाताना बहात्तर तास, हा बग नसतो. कुणीतरी मीटिंग घेऊन, डिझाईन करून, टेस्ट करून टाकलेलं फीचर असतं. ते हिरवं बटणही. दुसऱ्या रात्री अडीच वाजता त्याने ते दाबलं. सकाळपर्यंत बासष्ट हजार गेले, आणि वर पगारातले अठरा.

तक्रार करायला गेला तर पहिला प्रश्न, "तू तिथे खेळायला गेलास कशाला?" प्रश्न चुकीचा नाही. पण त्या प्रश्नापाशीच सगळं संपलं.

आता हीच गोष्ट ब्रिटनच्या नियमांतून चालवून बघू. तिथला मूळ कायदा २००५ चा, अंमल सप्टेंबर २००७ पासून. सुरुवातीला बाहेरच्या देशांतल्या साईट्स तिथल्या परवान्याशिवाय ब्रिटिश गिऱ्हाईक घेऊ शकत होत्या. २०१४ च्या कायद्याने ते बदललं. गिऱ्हाईक ब्रिटनमधलं असेल तर परवाना ब्रिटनचाच हवा, सर्व्हर कुठेही ठेवा. म्हणजे बेटाचा शिक्का तिथे चालत नाही.

७ मे २०१९ पासून वय आणि ओळख तपासल्याशिवाय खेळू देता येत नाही. आणि जी कागदपत्रं आधी मागता आली असती ती पैसे काढतानाची अट म्हणून मागता येत नाहीत. आधार-पॅनची युक्ती बाद. एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार बंद. हरलात तर निदान उधारीचे तरी हरू नका. ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाईन स्लॉटमध्ये आपोआप फिरत राहायची सोय बंद, दोन फेऱ्यांमध्ये किमान अडीच सेकंदांचं अंतर, आणि लावलेल्यापेक्षा कमी परत मिळाले असताना जिंकल्यासारखे ढोल-ताशे वाजवायला बंदी. आणि काढायला टाकलेले पैसे परत खेळात ओढायची सोयही बंद. म्हणजे ते हिरवं बटण!

हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. कुणीतरी स्क्रीन-बाय-स्क्रीन बसून बघितलं होतं की माणूस नेमका कुठे घसरतो. नियम करणाऱ्याला युजर इंटरफेस कळतो, हे दृश्य आपल्याकडे दुर्मिळ.

पण या सगळ्यांत सर्वात कामाचा नियम अगदी साधा आहे, आणि त्याचं गणित मांडल्याशिवाय राहवत नाही. मी ऑनसाईट होतो तेव्हा तिथल्या मुख्य रस्त्यांवर ही बेटिंगची दुकानं रोज दिसायची. एका दुकानात जास्तीत जास्त चार मशिनं, त्यांवर रुलेट. एप्रिल २०१९ च्या आधी या मशिनवर दर वीस सेकंदांना १०० पौंडांपर्यंत लावता यायचे. तासाला १८० फेऱ्या, म्हणजे १८ हजार पौंडांची उलाढाल, आणि वर सांगितलेल्या एका घरापोटी सरासरी नुकसान ४८६ पौंड. तासाला! १ एप्रिल २०१९ पासून मर्यादा २ पौंड केली. त्याच १८० फेऱ्या, उलाढाल ३६० पौंड, नुकसान १० पौंडांच्याही आत.

चाक तेच. ३७ घरं तीच. सॉफ्टवेअरचा सचोटीचा दाखलाही तोच. ४८६ चे १० झाले ते फक्त एक आकडा बदलल्यामुळे. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर एक कॉन्स्टंट. खेळ शुद्ध आहे की नाही यापेक्षा एका वेळी किती आणि किती वेगाने, हे दोन आकडे माणसाला बुडवतात किंवा तारतात. आणि या दोन आकड्यांना मालक आपणहून कधीच हात लावणार नाही. का लावेल? ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने २०२० च्या अहवालात म्हटलंय की या धंद्याचा ६० टक्के नफा ५ टक्के गिऱ्हाइकांकडून येतो, आणि ती ५ टक्के म्हणजे व्यसन लागलेली किंवा लागायच्या बेतात असलेली माणसं. दुसऱ्या कुठल्या दुकानदाराला सांगून बघा की तुझी सर्वात चांगली गिऱ्हाइकं तूच कमी कर.

तो कॉन्स्टंट बदलायला ब्रिटनलासुद्धा सहज जमलं नाही. मर्यादा आणायचं ठरलं, पण सरकारने तारीख ऑक्टोबर २०१९ पर्यंत ढकलली, तेव्हा ट्रेसी क्राऊच या क्रीडामंत्री बाईंनी नोव्हेंबर २०१८ मध्ये राजीनामा दिला. मग तारीख एप्रिलवर आली. आणि बुडणारा महसूल भरून काढायला ऑनलाईन जुगारावरचा कर १५ वरून २१ टक्के केला. ऑनलाईन स्लॉटवर मर्यादा यायला तर २०२५ उजाडलं. एप्रिलपासून एका फेरीला ५ पौंड, मे महिन्यापासून १८ ते २४ वयाच्यांना २ पौंड.

आपल्याकडे हे शहाणपण अजिबातच नव्हतं असं नाही हं. १९९८ चा लॉटरीचा केंद्रीय कायदा बघा. एकेरी आकड्यावर बक्षीस द्यायचं नाही, आणि एका लॉटरीची आठवड्याला एकापेक्षा जास्त सोडत काढायची नाही. म्हणजे लॉटरी मटका होऊ नये, आणि माणसाला दोन सोडतींच्या मधे श्वास घ्यायला आठवडा मिळावा. एक आठवडा कुठे आणि अडीच सेकंद कुठे! ज्याने कुणी ही कलमं लिहिली त्याला वेग म्हणजे काय ते नक्की कळलं होतं.

पण बाकी ठिकाणी आपला सगळा वेळ एकाच प्रश्नात गेला, हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा? सर्वोच्च न्यायालयात १९५७ मध्ये शब्दकोड्यांच्या बक्षिसांवरून हा वाद, १९६७ मध्ये रमी कौशल्याची ठरली, १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न महत्त्वाचा असेलही. पण ज्याच्या घरी हप्ता थकलाय त्याला विचारा, पैसे कौशल्याने गेले की नशिबाने याने त्याला काय फरक पडतो?

गोव्याचं उदाहरण तर डोळ्यासमोरचं आहे. मांडवीतली जहाजं आपल्यापैकी बहुतेकांनी निदान मिरामारच्या रस्त्यावरून तरी पाहिली असतील. १९७६ च्या गोव्याच्या कायद्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या स्लॉट मशिनसाठी बदल झाला, १९९६ मध्ये जहाजांसाठी. गेमिंग कमिशनर नेमायला २०२० उजाडलं. आणि नेमलं कुणाला? कर आयुक्तांना. ज्या अधिकाऱ्याचं काम गल्ला मोजणं, त्याच्याकडेच खेळणाऱ्याचं रक्षण. त्याच वेळी, १ फेब्रुवारी २०२० पासून, गोवेकरांना कॅसिनोत जायला बंदी झाली. म्हणजे हे नुकसानीचं प्रकरण आहे हे सरकारला पूर्ण ठाऊक होतं. फक्त आपली माणसं वाचवली, आणि पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना या बसा म्हटलं. याला परवाना म्हणतात खरा, पण तो गिऱ्हाइकाच्या बाजूचा नव्हे.

आणि महाराष्ट्र? आम्ही १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो एक दिवसही लागू केला नाही, आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचा निर्णय घेतला. सत्तेचाळीस वर्षं रिपॉझिटरीत पडून राहिलेला कोड. असो.

ऑनलाईनचं तर विचारूच नका. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने नियम काढले की उद्योगाच्या स्वनियंत्रण संस्था खेळ तपासतील. अशी एकही संस्था उभी राहिली नाही. मात्र ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी सुरू झाला. म्हणजे कर आला, परवाना आलाच नाही. तपासणी नाही, वेगाची मर्यादा नाही, रकमेची मर्यादा नाही. क्रिकेटपटू टीव्हीवरून सांगत होते, जबाबदारीने खेळा. दोन वर्षं असं चाललं आणि २०२५ मध्ये थेट बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, ही त्यातली चांगली गोष्ट.

बंदीचा काहीच फायदा नाही असं मी म्हणणार नाही. मॅचच्या दर ओव्हरनंतर येणारी जाहिरात गेली, फोनमधली नावाजलेली अ‍ॅप्स पैशाच्या खेळातून बाहेर पडली. केवळ सहज हाताशी होतं म्हणून खेळणारे लाखो लोक थांबले असतील तर आनंदच आहे. पण जो थांबला नाही त्याचं काय? महादेव नावाचं प्रकरण आठवतं का? नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने त्याच्यासकट २२ बेकायदा अ‍ॅप्स आणि साईट्स बंद करायचा आदेश काढला. म्हणजे हा बाजार बंदीच्या आधीही होता, टेलिग्राम-व्हॉट्सअ‍ॅपवरून. आमच्या टीममधला तो मुलगा याच बाजारात गेला होता. बंदी त्याला अडवू शकली नाही, आणि परवान्याच्या अटी तर त्याच्यापर्यंत पोचणारच नव्हत्या.

आता कुणी म्हणेल, ब्रिटनचं एवढं कौतुक करतोस, तिथे कुणी बुडत नाही का? बुडतात की. फुटबॉल इंडेक्स नावाची कंपनी होती, खेळाडूंचे शेअर घेतल्यासारखा जुगार. परवाना रीतसर. मार्च २०२१ मध्ये कोसळली आणि लोकांचे पैसे अडकले. तिथे कंपनीने गिऱ्हाइकांचे पैसे वेगळे आणि सुरक्षित ठेवलेत की नाही हे सांगायची सक्ती आहे, पण "सुरक्षित नाहीत" असं सांगून मोकळं होताही येतं! विल्यम हिलला मार्च २०२३ मध्ये १ कोटी ९२ लाख पौंडांचा दणका बसला. त्यातलं एक प्रकरण असं की नवं खातं उघडणाऱ्या माणसाला कसलीही चौकशी न करता २० मिनिटांत २३ हजार पौंड उडवू दिले. नियम होता, परवाना होता, आणि तरी घडलं. शिवाय परवान्याबरोबर जाहिराती येतात. क्लबांच्या शर्टावर पुढे जुगाराच्या कंपनीचं नाव नको, हे प्रीमियर लीगला २०२३ मध्ये ठरवावं लागलं, तेही २०२५-२६ च्या हंगामानंतरपासून.

तरीही फरक आहे, आणि तो मला मोठा वाटतो. त्या २० मिनिटांची गोष्ट आपल्याला कळली, कारण तपासायचा अधिकार कुणालातरी होता आणि लॉग दाखवायची सक्ती होती. आमच्या पोराच्या त्या रात्रीचा लॉग कुठल्या बेटावर आहे हे देवच जाणे.

मग माझं म्हणणं काय, परवाना की बंदी? माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न, खेळणाऱ्याला थांबायचं असेल तेव्हा त्याच्या हातात काय आहे? ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप आहे. एकदा नाव घातलं की ३१ मार्च २०२० पासून परवाना असलेल्या प्रत्येक ऑनलाईन कंपनीला तुम्हाला दारातून परत पाठवावंच लागतं. तिथल्या मोन्झो बँकेने २०१८ मध्ये जुगाराचे व्यवहार रोखायची कळ अ‍ॅपमध्येच दिली. ती परत उघडायची तर ४८ तास थांबायचं. बघा, इथे वाट पाहायला लावणारी तीच युक्ती आहे, फक्त उलट्या दिशेने! पैसे आत जाताना थांबा.

बँकेतली अशी कळ द्यायला जुगार कायदेशीर करायची गरज नाही. आपल्या यूपीआयमध्ये, आपल्या बँकांत, बंदीच्या काळातही ती देता येईल. आडवाटेच्या खात्यांवर जाणारे पैसे तिला सगळे ओळखता येणार नाहीत, हे मान्य. पण पहाटे अडीच वाजता एखादा दरवाजा जरी बंद सापडला तरी पुष्कळ झालं. तक्रार ऐकणारी, आणि "गेलास कशाला" हा प्रश्न शेवटी विचारणारी एखादी खिडकीही बंदीच्या आड येत नाही.

आणि उद्या न्यायालयाने किंवा संसदेने दार पुन्हा उघडलंच, तर परवान्याचा मसुदा हातात आल्यावर तीन गोष्टी बघा. एका वेळी किती आणि किती वेगाने, याचे आकडे त्यात लिहिलेत का? पैसे बाहेर काढणं आत टाकण्याइतकंच सोपं आहे का? आणि परवाना देणाऱ्याचा पगार नि रुबाब गल्ल्यावर अवलंबून आहे का? पहिल्या दोनांचं उत्तर नाही आणि तिसऱ्याचं हो असेल, तर तो परवाना नाही, पावती आहे.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर सांगा. फक्त "लोक खेळणारच" एवढंच सांगू नका. लोक गाडीही चालवणारच असतात, म्हणून आपण ब्रेक काढून टाकत नाही.